घोटलेले ब्लॅक बीन्स: तयारी आदल्या दिवसापासून

कामाच्या दिवशी रात्री पंधरा मिनिटांत गरम, मऊसूत ब्लॅक बीन्स, म्हणजे राजम्याच्या जातीतले छोटे काळे दाणे, घोटून पानात वाढायचे असतील, तर त्यातलं मोठं काम आदल्या दिवशीच उरकलेलं हवं. मेक्सिकोत या पदार्थाला ‘फ्रिहोलेस रेफ्रितोस’ म्हणतात. नावातल्या ‘रे’मुळे दोनदा तळायचे असा समज होतो, पण तिथल्या बोलण्यात हा ‘रे’ जोर देण्यासाठी येतो: नीट, भरपूर परतलेले. म्हणजे शिजवायचं एकदा आणि परतायचंही एकदाच. या दोन कामांत दोन दिवसांचं अंतर पडलं तरी काही बिघडत नाही, आणि सगळी सोय त्या अंतरातच आहे.

पाव किलो सुके दाणे काढा. तीन-चार माणसांची दोन रात्रींची सोय होते. ताटात पसरून बोटांनी निवडा, कारण काळ्या दाण्यांतला काळा खडा डोळ्यांना चकवतो, बोटांना नाही. सुरकुतलेले आणि भोक पडलेले दाणे बाजूला काढा. कपाटात दोन वर्षं पडून राहिलेलं पाकीट यासाठी घेऊ नका. जुना दाणा कितीही शिजवला तरी आत कणी राहते आणि घोटल्यावर ती जिभेला लागतेच.

रात्री भिजत घालताना लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घाला. मिठाने दाणे कडक होतात असं मीही बरीच वर्षं मानत होते. प्रत्यक्षात उलटं होतं. सालीतल्या पेक्टिनला, म्हणजे पेशी चिकटवून ठेवणाऱ्या घटकाला, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घट्ट धरून ठेवतात. मिठातलं सोडियम त्यांची जागा घेतं आणि साल मऊ होते. दाणे मऊ होण्यापासून अडवतं ते आंबट. म्हणून टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही दाणे पूर्ण शिजेपर्यंत पातेल्यात पडू देऊ नका. भिजवायचं राहून गेलं तर बेत रद्द करायची गरज नाही. मेक्सिकोत अनेक घरांत काळे दाणे न भिजवताच चुलीवर चढतात. वेळ तेवढा जास्त धरा.

सकाळी ते पाणी ओतून द्या. दाण्यांवर चार बोटं येईल एवढं ताजं पाणी, अर्धा कांदा, लसणीच्या तीन पाकळ्या आणि थोडं मीठ घाला. मेक्सिकोत यात एपाझोते ही उग्र वासाची पानं घालतात. वाहाका प्रांतात तिथल्या अवोकॅडोचं भाजलेलं पान घालतात, त्याला बडीशेपेच्या जवळचा वास असतो. मिळालं तर जरूर घाला. नसेल तर दुसरं काही घालून त्याची नक्कल करू नये, असं माझं मत आहे. कांदा-लसूण पुरेसे आहेत.

पहिली दहा मिनिटं मोठ्या आचेवर खळखळून उकळी हवीच. या दाण्यांत कच्चेपणी लेक्टिन नावाचं एक प्रथिन असतं. त्याने उलट्या-जुलाब होऊ शकतात, आणि ते जोरदार उकळीनेच निकामी होतं. म्हणूनच कच्चे दाणे थेट स्लो कुकरमध्ये, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात, टाकू नका. उकळी झाली की आच मंद करून तास-दीड तास शिजू द्या. प्रेशर कुकर लावणार असाल तर तो अर्ध्याच्या वर भरू नका, फेस खूप येतो. एक शिट्टी झाली की मंद आचेवर दहा-बारा मिनिटं ठेवा आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिजले का हे एका दाण्यावरून ठरवू नका. वेगवेगळ्या जागचे पाच दाणे जीभ आणि टाळूमध्ये दाबून पाहा. पाचही लोण्यासारखे दबले पाहिजेत.

आता या सगळ्यातलं सर्वांत महत्त्वाचं: शिजलेलं पाणी. मी पहिल्यांदा दाणे चाळणीत उपसले, पाणी सिंकमध्ये ओतलं आणि साध्या पाण्याने घोटले. राखाडी, बेचव गोळा झाला. दाण्याचा स्टार्च, सालीचा जांभळट काळा रंग आणि कांदा-लसणीची चव त्या पाण्यात उतरलेली असते. दाणे त्याच पाण्यात बुडवून ठेवा. पसरट भांड्यात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये टाका. तीन-चार दिवस राहतात. दुसऱ्या रात्रीचा वाटा पाण्यासकट फ्रीझरमध्ये टाकला तर दोन-तीन महिने चिंता नाही. डबाबंद बीन्सही चालतील, फक्त मीठ आधी चाखून मग घाला.

रात्री जाड बुडाची कढई, मॅशर, लाकडी उलथणं आणि वाटीभर ते काळं पाणी हाताशी ठेवा. पारंपरिक पद्धतीत डुकराची चरबी वापरतात. तेल घेतलंत तर दोन मोठे चमचे घ्या, हात आखडू नका. कांद्याची जाड चकती त्यात करपण्याच्या अलीकडे, पार गडद होईपर्यंत तळा आणि काढून टाका. तिने तेल खमंग होतं. मग जिरं, सुकी मिरची आणि पाण्यासकट दोन वाट्या दाणे.

इथून कढईजवळून हलू नका. आधी चरचर आवाज येतो, मग जाडसर बुडबुडे फदफद फुटू लागतात. मॅशरने घोटत राहा, थोडे दाणे अख्खे राहिले तर उत्तम. मधूनमधून उलथण्याने रेघ ओढा. रेघ लगेच बुजली तर अजून वेळ आहे. बूड दिसलं आणि कडा सावकाश सरकत परत आल्या की गॅस बंद करा. पानात येईपर्यंत ते आणखी आळतात, म्हणून वाटतं त्यापेक्षा थोडे सैलच उतरवा. लिंबू पिळायचं ते आता.

मक्याच्या गरम तोर्तियाबरोबर, म्हणजे पातळ मेक्सिकन भाकरीबरोबर, वाढा. उरलेले सकाळी घट्ट झालेले असतील. अर्ध्या कापलेल्या पावावर जाड थर देऊन, वर चीज घालून भाजा. मेक्सिकोत याला मोयेते म्हणतात, वरून चिरलेला टोमॅटो, कांदा आणि हिरवी मिरची.