कामीनोवर यात्रेकरूंचे निवासगृह चालवताना या चुका टाळा

स्पेनमधील सान्तियागो दे कॉम्पोस्तेला येथे येशूचे शिष्य संत याकोब यांची कबर आहे, अशी श्रद्धा आहे. तिकडे जाणाऱ्या पायवाटेवर, म्हणजे कामीनोवर, यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी जी साधी घरे असतात त्यांना अल्बेर्गे म्हणतात आणि तिथे पाहुण्यांचे पाहणाऱ्याला ओस्पितालेरो. मी दोन उन्हाळे पंधरा-पंधरा दिवस हे काम स्वयंसेवक म्हणून केले. पुढे लिहिलेल्या चुकांपैकी काही इतरांच्या पाहिल्या, काही माझ्याच हातून झाल्या.

पहिली चूक दारातच होते. दुपारी दोनच्या उन्हात पंचवीस किलोमीटर चालून आलेल्या माणसाच्या पाठीवरचे ओझे उतरण्याआधीच आपण त्याच्याकडे पासपोर्ट मागतो. मुक्कामाला आलेल्या प्रत्येकाची नोंद करून ती पोलिसांना कळवणे स्पेनमध्ये बंधनकारक आहे हे खरे, परंतु ती पाच मिनिटांनी केली तरी काही बिघडत नाही. आधी खुर्ची द्यावी, पाणी द्यावे, वयस्कर असल्यास खालचा पलंग राखून ठेवावा, आणि मग वही उघडावी. त्याच्या क्रेदेन्सियालवर, म्हणजे शिक्क्यांच्या पुस्तिकेवर, शिक्का मारताना तारीख लिहायला मात्र विसरू नये. पायी किमान १०० किलोमीटर चालल्याचे प्रमाणपत्र सान्तियागोला याच शिक्क्यांवरून मिळते, आणि त्या टप्प्यात दिवसाला दोन शिक्के लागतात.

सर्वांत महागात पडणारी चूक ढेकणांची. एका सकाळी एका बाईंनी हातावरचे लाल चट्टे दाखवले, तेव्हा मी ‘डास असतील’ म्हणून मोकळा झालो. चट्टे एका ओळीत उठले होते, तेवढ्यावरूनच मला कळायला हवे होते. तिसऱ्या दिवशी गादीच्या शिवणीत मोहरीहून बारीक काळे ठिपके सापडले आणि संपूर्ण खोली बंद करावी लागली. ढेकूण रक्ताशिवाय कित्येक महिने तग धरतो, त्यामुळे खोली पंधरा दिवस रिकामी ठेवून तो मरेल ही समजूत भाबडी आहे. ज्याला चावले त्याचे कपडे आणि झोपायची पिशवी प्लास्टिकमध्ये गच्च बांधून घ्यावी, ६० अंशांच्या पाण्यात धुवावी किंवा तेवढ्याच कडक उष्णतेच्या ड्रायरमध्ये पुरेसा वेळ फिरवावी, आणि आदल्या मुक्कामाच्या घरालाही फोन करून कळवावे. हे सर्व करताना त्या माणसाला अपराधी वाटेल असे काही बोलू नये, कारण ढेकूण घाणेरडा-स्वच्छ असा भेद करत नाही. पाठीवरच्या पिशव्या पलंगावर ठेवू न देणे हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा, त्यासाठी भिंतीला पुरेशा खुंट्या ठोकाव्यात, आणि नवे पलंग घ्यायचे असतील तर लाकडी सांध्यांपेक्षा लोखंडी बरे.

रात्री दहाला दिवे मालवले की काम संपले असे समजू नये. पहाटे पाचला निघणारे लोक अंधारात प्लास्टिकच्या पिशव्यांचा जो खुळखुळाट करतात, त्याने सबंध खोली जागी होते. नुसती पाटी लावून उपयोग नाही. व्हरांड्यात एक बाक आणि रात्रभर जळणारा मंद दिवा ठेवावा, आणि सामान तिथे नेऊन बांधायला रात्रीच सांगावे.

सान्तियागो ज्या प्रांतात आहे त्या गालिसियात पाऊस फार, म्हणून जुनी वर्तमानपत्रे जपून ठेवावीत. ओल्या बुटांत कोंबायला त्यांच्यासारखे दुसरे काही नाही.

जेवणात एक गोष्ट लक्षात ठेवावी. मसुराची लेंतेहास ही आपल्या आमटीची सख्खी बहीण. मात्र तीत बहुधा चोरीसो हे डुकराच्या मांसाचे सॉसेज पडते, आणि कुणी शाकाहारी आहे का हे विचारले जाते ते भांडे चुलीवरून उतरल्यावर. हे दारातच विचारून घ्यावे.

घर भरले की ‘जागा नाही’ म्हणून दार लावून घेणे ही चूक मी अक्षम्य मानतो. कारियोन दे लोस कोन्देस सोडल्यावर पुढचे गाव, काल्सादिया दे ला क्वेसा, सुमारे १७ किलोमीटरवर आहे आणि मध्ये वस्तीच नाही. तिथून दुपारी परत फिरवलेल्या माणसाने जायचे कुठे? आधी गावातल्या इतर घरांना आपणच फोन करावा आणि काहीच न जमल्यास जमिनीवर अंथरायला एखादी गादी काढावी. संत याकोबांचा सण, २५ जुलै, २०२७ साली रविवारी येतो, म्हणजे ते पवित्र वर्ष असेल, आणि अशा वर्षी गर्दी वाढते. त्याआधीच शेजारच्या घरांचे क्रमांक भिंतीवर लावून ठेवलेले बरे.

शेवटी दानपेटी. जिथे ठरावीक दर नसून ऐच्छिक देणगीवर घर चालते, तिथे ही पेटी नोंदणीच्या टेबलावर, आपल्या डोळ्यांसमोर ठेवण्याचा मोह होतो. त्यामुळे देणारा संकोचतो आणि ज्याच्याकडे नाही तो खजील होतो. पेटी बाहेरच्या दाराजवळ, आपण बसतो तिथून न दिसणाऱ्या कोपऱ्यात असावी. आजचे जेवण कालच्या देणग्यांतून झाले, एवढीच ओळ तिच्यावर लिहावी, आणि ती उघडावी सकाळी सगळे निघून गेल्यावर.