घोड्याला मायेनं शिकवायचंय? मग या चुका टाळा

दत्तजयंतीची सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा उरकली की महिन्याभरात मला फोन यायला लागतात. माणूस वेगळा, तक्रार तीच. "यात्रेत घोडी गरीब गाईसारखी उभी होती, घरी आणल्यापासून जवळ येऊ देत नाही." "लगाम दाखवला की मान वर." "टेम्पोत पाय ठेवत नाही." आणि शेवटी ठरलेलं वाक्य येतंच, "जातच अडेल आहे हिची."

मी आजवर जे अडेल म्हणवले जाणारे घोडे पाहिले, ते एक तर घाबरलेले होते, नाही तर कुठेतरी दुखत होते, नाही तर आपल्याला काय हवंय हे त्यांना कळलेलंच नव्हतं. हल्ली बरेच मालक म्हणतात की मारझोड नको, प्रेमानं शिकवायचंय. हे ऐकून मला खरंच बरं वाटतं. पण पुष्कळदा हे प्रेम गूळ चारणं आणि गळ्यात पडून फोटो काढणं इथेच थांबतं. घोड्याच्या लेखी माया म्हणजे दोनच गोष्टी: त्यानं कानानं-शेपटीनं सांगितलेलं तुम्ही ऐकता का, आणि तुमचा हात वेळेवर सैल होतो का. खालच्या सगळ्या चुका इथूनच निघतात.

दुखण्याला खोड समजणं

ही चूक मला सर्वात जास्त छळते, म्हणून सविस्तर सांगतो.

नीरा नदीच्या पट्ट्यातला एक बागायतदार तरुण यात्रेतून नुकरी घोडी घेऊन आला. पांढरीशुभ्र, उंच, चालीला देखणी. घरी आल्यावर ती उजवीकडे छान वळायची, डावीकडे वळवली की मान झटकायची. गावातल्या जाणत्यांनी सल्ला दिला की तोंड कडक आहे, जाड कडीचा लगाम घाला. घातला. घोडी मान आणखी वर करायला लागली, म्हणून जेरबंद लावून मान खाली बांधली. मग ती मागच्या पायांवर उभी राहायला लागली. तेव्हा कोणीतरी काटेरी लगाम आणून दिला. त्या लगामावर दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बसला असेल, घोडी सरळ उभी राहिली आणि पाठीवर कोसळली. पोरगा बाजूला फेकला गेला म्हणून वाचला. खोगिराचा लाकडी सांगाडा मोडला.

माझ्याकडे आणली तेव्हा तिच्या ओठांचे दोन्ही कोपरे फाटलेले होते, डावा जास्त. ती खाताना मी नुसता उभा राहून बघत होतो. कडब्याचा घास ती तोंडाच्या एकाच बाजूनं चावत होती आणि अर्धवट चावलेले गोळे खाली टाकत होती. पशुवैद्यांना बोलावलं. त्यांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन जबडा उघडला, तर डावीकडच्या वरच्या दाढेची बाहेरची कड सुरीसारखी झालेली आणि गालाच्या आत रुपयाच्या नाण्याएवढी जखम. डावा लगाम ओढला की गाल त्या कडेवर दाबला जायचा. घोडी पहिल्या दिवसापासून एवढंच सांगत होती. तिला उत्तर म्हणून दर वेळी आधीपेक्षा जास्त लोखंड मिळालं.

घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड झिजत नाही, तिला धार येते. शिवाय काही घोड्यांना पहिल्या दाढेच्या पुढे एक बारीकसा फालतू दात येतो आणि लगामाची कडी नेमकी त्यावर आपटते. कडी जिथे बसते तिथे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथे हाडावर हिरडीचा पातळ थर असतो, बाकी काही नाही. वर्षातून एकदा दाढांना कानस मारून घेणं हा त्यावरचा साधा उपाय आहे. घोड्यावर लाखांनी खर्च करणारा माणूस इथे हात आखडतो, हे मला कधीच पटलेलं नाही.

काटेरी लगामाबद्दल स्पष्टच सांगतो. तो बेकायदेशीर आहे. ओझ्याच्या आणि जुंपायच्या जनावरांसाठीचे केंद्र सरकारचे नियम १९६५ सालचे आहेत आणि त्यांतल्या आठव्या नियमात काटे किंवा गाठी असलेला लगाम आणि साज वापरायला मनाई आहे. तरीही तो यात्रांमधून विकला जातो आणि "याच्याशिवाय मारवाडी घोडा ताब्यात राहत नाही" असं सांगून गळ्यात मारला जातो. ज्याला लगाम कधी ढिला करायचा हे येत नाही, त्यालाच काटे लागतात.

त्या घोडीची जखम भरेपर्यंत मी तिच्या तोंडात काहीही घातलं नाही. नुसती मोहरकी, म्हणजे तोंडात कडी नसलेला दोराचा साज, घालून हातात धरून चालणं, थांबणं, मागे सरणं. नंतरही बरेच महिने मोहरकीवरच बसलो. आता ती मऊ कडी घेते, दोन्ही बाजूंना वळते. पण डाव्या गालाशी कोणाचा हात झटकन वर गेला तर आजही मान उचलते. ते बहुधा जाणार नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. घोडा नाही म्हणाला की मी आधी तोंड बघतो, मग पाठ, मग खूर. पाठीच्या कण्याला दोन्ही बाजूंनी बोटं दाबत मागे जातो. कुठे कातडी थरथरली, पाठ खाली गेली, तर त्या दिवशी जीन नाही. खांद्याच्या उंचवट्यावर पांढरे केस दिसले तर समजा की जुन्या खोगिरानं तिथे कधीतरी जखम केली होती. नाल सहा आठवड्यांवर गेली असेल तर नालबंदाला बोलावतो. हे सगळं ठीक निघालं तरच शिकवण्याचा विषय.

हात वेळेवर न सोडणं

घोडा दाबानं शिकत नाही, दाब सुटतो त्या क्षणी शिकतो. दोर ताणला, घोड्यानं एक पाऊल टाकलं, दोर लगेच सैल झाला, की त्याला कळतं, हेच हवं होतं. सैल व्हायला चार-पाच सेकंद लागले की त्या दोन गोष्टींचा त्याच्या लेखी संबंधच उरत नाही.

टेम्पोत घोडा चढवताना हे हमखास बिघडतं. एका फार्महाऊसवर पाहिलेलं सांगतो. शिंगरूपणातून नुकताच बाहेर पडलेला घोडा, पुढून दोर ओढणारे दोघे, मागे काठी घेऊन एक. घोडा पाय रोवून उभा. बऱ्याच वेळानं त्यानं पुढचा उजवा पाय उचलून फळीवर ठेवला. नेमक्या त्या क्षणी पुढचे दोघे "आला, आला" म्हणत दुप्पट जोरानं ओढायला लागले आणि मागच्यानं काठी मारली. घोड्यानं पाय मागे घेतला. घेणारच. फळीवर पाय ठेवला तर जास्त ताण आणि वर मार, हा धडा त्याला त्याच जागी मिळाला. मग सगळे म्हणाले की घोडा नाठाळ आहे.

मी दोर दोन बोटांतच धरतो. मूठ आवळली की माणूस ओढतोच, चांगला माणूससुद्धा ओढतो. घोड्याचं वजन पुढे झुकलं, तरी मी दोर सोडतो. पाऊल पडायची वाटही बघत नाही. फळीवर एक पाय ठेवला की त्याला उतरवून मोकळं फिरवून आणतो. बघणाऱ्यांचा जीव वरखाली होतो, कारण त्यांना आज, आत्ता, घोडा आत हवा असतो. ज्यांना इतकी घाई आहे त्यांनी घोडा घेऊच नये असं माझं ठाम मत आहे.

हातावरून गूळ

चारू नका. चार दिवसांत घोडा खिसा हुंगायला लागतो, आठव्या दिवशी चावतो आणि मग त्याला थोबाडीत बसते. गूळ घमेल्यात ठेवा. शाबासकी द्यायची असेल तर मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यापुढे खाजवा. घोडे एकमेकांना तिथेच खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवरचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला, त्यात त्या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी झालेले आढळले. आपल्याकडे मालक कपाळावर थोपटत बसतात. कपाळासमोरचा भाग घोड्याला दिसतही नाही. त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट नाकासमोरचं आणि थेट शेपटीमागचं नाही.

दिवसभर अगाडी-पिछाडी

बावीस तास पुढून-मागून दोरांनी बांधलेला घोडा दोन तास उधळणार. आधी मोकळा सोडा, मग शिकवा.

रिकाम्या पोटी काम

घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, पोट रिकामं असलं तरीही. खोगीर ठेवायच्या आधी थोडा सुका चारा खाऊ द्या. दोन वेळच्या चंदीवर, म्हणजे नुसत्या दाण्यावर, ठेवलेले घोडे चिडके असतात, त्याचं मोठं कारण हेच.

कोवळ्या वयात बसणं

दोन दाती म्हणून विकलेलं जनावर जेमतेम अडीच-तीन वर्षांचं असतं. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांच्या पुढेपर्यंत चालू असते. तिसऱ्या वर्षापर्यंत हातात धरून शिकवण्यासारखं इतकं काही आहे की बसायची घाई करायचं कारणच नाही. धनगरांच्या वाड्यात जाऊन बघा. शिंगरू आईच्या बाजूनं चालत चालत कोकरं, कोंबड्या, भांडीकुंडी, रस्त्यावरच्या ट्रका, कुत्री, नदीचा उतार सगळं पाहून घेतं. पुढे त्याच्या पाठीवर बोजा येतो तेव्हा त्याला नवीन असं काही उरत नाही. तिथे दहा वर्षांची पोर नुसत्या दोरानं घोडी नेते.

डीजेसमोर उभं करून भीती मोडणं

लग्नाच्या घोड्यांवर हा प्रयोग सर्रास होतो. स्पीकरच्या भिंतीसमोर घोडा बांधायचा, फटाके लावायचे, तो उधळून उधळून थकला की म्हणायचं, तयार झाला. तो थिजलेला असतो. कान एका जागी अडकलेले, डोळ्याची पापणी हलत नाही, खालचा ओठ ताणलेला, हनुवटी दगडासारखी. असा घोडा तासभर पुतळ्यासारखा उभा राहतो आणि एक दिवस वरातीत, पोराबाळांच्या गर्दीत, कुठलीही सूचना न देता सुटतो.

मी आवाजाची सवय लावताना घोड्यापुढे ओल्या गवताची पेंढी ठेवतो. लांब कुठेतरी ढोल वाजवायला सांगतो. घोडा खातोय तोवर ठीक. चावणं थांबलं की ढोल फार जवळ आला, मग वाजवणाऱ्याला मागे पाठवतो, घोड्याला पुढे ढकलत नाही. चावणं पुन्हा सुरू झालं की त्या दिवसाचं काम संपलं. दुसऱ्या दिवशी दोन पावलं जवळून सुरुवात. यात पावसाळा निघून जातो, पण लग्नसराई तोवर लांब असते. तारीख तोंडावर आल्यावर "आठवड्यात तयार करून द्या" म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणतो.

तंग एका झटक्यात आवळणं

पोटाखाली पट्टा कचकन आवळला की घोडा श्वास भरून पोट फुगवतो, मग काही दिवसांनी कान पाडतो, मग चावायला वळतो. पहिल्या खेपेला तंग नुसता टेकेल इतकाच बांधा. दहा-बारा पावलं चालवा, एक भोक वर घ्या, पुन्हा चालवा, मग शेवटचं भोक. चढताना ओटा किंवा पायरी वापरा, रिकिबीला, म्हणजे पाय ठेवायच्या कडीला, लटकू नका. लटकल्यावर खोगीर एका बाजूला ओढलं जातं आणि सगळा भार खांद्याच्या उंचवट्यावर तिरका येतो. बसल्यावर लगेच टाच मारू नका, घोडा उभा राहू दे. तो स्वतःहून चालायला लागला तर थांबवा, उतरा आणि पुन्हा चढा.