परतल्यावर लगेच कारभार हाती घेऊ नका

परदेशातला संसार आवरून पुण्याला परतायचे ठरवलेल्या कुटुंबांचे फोन मला दर वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीच्या सुमारास येऊ लागतात. कोथरूडला राहावे की बाणेरला, शाळा कोणत्या बोर्डाची निवडावी, गाडी कोणती घ्यावी, हे प्रश्न सगळेच विचारतात. आम्ही न्यू जर्सीहून परतलो त्याला आता बराच काळ लोटला असून नंतर आलेल्या अनेक घरांची घडी बसताना, आणि काहींची विस्कटताना, मी जवळून पाहिली आहे. त्यावरून सांगते की कागदपत्रांच्या कामात केलेली दिरंगाई महागात पडते आणि माणसांच्या बाबतीत केलेली घाई. बहुतेक परतणारे याच्या नेमके उलट वागतात, म्हणजे बँकेत जायला सहा महिने लावतात आणि आईच्या स्वयंपाकघराची मांडणी पहिल्याच आठवड्यात बदलतात.

कागदपत्रांची सुरुवात परतीची तारीख ठरवण्यापासून होते. आपले आयकराचे वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असे चालते आणि त्या वर्षात १८२ दिवस किंवा त्याहून अधिक काळ भारतात राहिल्यास तुम्ही करापुरते निवासी ठरता. साठ दिवसांचा आणखी एक निकष आहे. तो आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भारतात राहिलेल्यांना लागू होतो. दर वर्षी तीन-चार आठवड्यांच्या सुट्टीवर येऊन जाणाऱ्यांना तो सहसा लागत नाही. म्हणून ज्यांना परदेशातले शेअर विकायचे आहेत किंवा नोकरीचा शेवटचा मोठा बोनस यायचा आहे, त्यांनी शक्य असल्यास ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर कायमचे यावे. मात्र त्याच वर्षी आधी येऊन गेलेले दिवसही या मोजणीत धरले जातात, हे विसरू नये. निवासी झाल्यावरही आधीच्या दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असाल, किंवा आधीच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांपेक्षा जास्त भारतात राहिलेले नसाल, तर साधारण दोन वर्षे ‘आरएनओआर’ (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) हा मधला दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. परदेशातल्या खात्यांची आवराआवर याच काळात करून घ्यावी. तो दर्जा संपला की जगभरचे उत्पन्न आणि परदेशातली मालमत्ता विवरणपत्रात दाखवावी लागते. ती दाखवली नाही, तर २०१५ च्या काळा पैसा कायद्यात दहा लाख रुपयांच्या दंडाची तरतूद आहे.

अमेरिकेचे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलेल्यांची अमेरिकेच्या विवरणपत्रातून सुटका होत नाही. इथल्या सगळ्या खात्यांतली शिल्लक मिळून वर्षात केव्हाही दहा हजार डॉलरच्या वर गेली, तर तिथे वेगळी माहिती भरावी लागते. त्याहून त्रासदायक म्हणजे इथला साधा म्युच्युअल फंड अमेरिकेच्या लेखी ‘पीएफआयसी’, म्हणजे निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी, ठरतो आणि त्यावरची करआकारणी इतकी किचकट असते की सल्लागाराची फी नफ्यापेक्षा जास्त होऊ शकते. त्यामुळे मेहुण्याच्या ओळखीच्या एजंटने पुढे केलेल्या एसआयपीच्या अर्जावर पहिल्या महिन्यात सही करू नका. दोन्ही देशांचे कर जाणणारा सीए शोधा आणि त्याची फी देताना हात आखडता घेऊ नका.

बँकेत आल्याबरोबर जावे. परकीय चलनाच्या कायद्यात दिवस मोजत नाहीत. कायम राहण्याच्या इराद्याने आलात की त्या क्षणापासून तुम्ही निवासी असता, म्हणून एनआरई आणि एनआरओ ही अनिवासींची खाती निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. परदेशी चलन तसेच ठेवायचे असेल तर आरएफसी खाते उघडता येते, हे पुष्कळांना ठाऊकच नसते आणि काउंटरवर कोणी आपणहून सांगतही नाही. शिवाय तिथे गेल्यावर पहिले विघ्न सहीचे येते. पंचविशीत केलेली पूर्ण नावाची देवनागरी सही बँकेच्या नोंदीत असते आणि परदेशात राहून तुमच्या हातात एक लपेटा तेवढा उरलेला असतो. समोरचा कर्मचारी पडद्याकडे पाहतो, कागदाकडे पाहतो आणि ‘मॅडम, जुळत नाही’ म्हणून कागद परत सरकवतो. त्याच्याशी वाद घालू नये. पॅन, पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा आणि चार फोटो दप्तरात घेऊनच जावे, नव्या सहीचा अर्ज भरावा आणि त्याच फेरीत वारसाचे नाव लावले आहे का ते पाहावे.

आधार कार्ड, त्याला जोडलेला चालू मोबाइल क्रमांक आणि पॅन ही तीन कामे झाल्याखेरीज इथे गॅसपासून विम्यापर्यंत काहीही पुढे सरकत नाही, कारण प्रत्येक ठिकाणी ओटीपी मागितला जातो. भारतीय पासपोर्ट असलेल्यांना आल्या आल्या आधारसाठी अर्ज करता येतो. ओसीआय कार्डधारकांना, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना, मात्र आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्यावरच. परदेशातला फोन क्रमांकही स्वस्तातल्या योजनेत चालू ठेवावा, कारण तिथल्या बँका ओटीपी तिथल्याच क्रमांकावर पाठवतात. वाहन चालवण्याच्या भारतीय परवान्याची मुदत संपून वर्ष उलटले असेल तर आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागते; पुण्याच्या रस्त्यांवर डावीकडून गाडी चालवायची सवय मोडलेली असताना ती दिलेलीच बरी. आरोग्यविमा निघण्यापूर्वीच घ्यावा. आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते आणि ही मुदत पॉलिसी सुरू झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते.

सामानाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अमेरिकेतली वीज १२० व्होल्टची आणि इथली २३० व्होल्टची, त्यामुळे तिथला मिक्सर, राइस कुकर आणि इस्त्री तिथेच विकून टाकावी. पुस्तके आणि मुलांचे अंथरूण-पांघरूण आणावे.

घराचा प्रश्न मी वेगळ्या टोकाने मांडते. पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढावे आणि ते घर आईवडिलांपासून रिक्षाने दहा मिनिटांच्या अंतरावर असावे. एकाच छताखाली राहण्याची ओढ दोन्ही बाजूंना असते, ती खरीही असते. पण स्वतःच्या वेळा, स्वतःची न्याहारी आणि स्वतःची भांडणे यांची सवय झालेल्या दोन पिढ्या अचानक एका स्वयंपाकघरात आल्या की त्याची झळ बहुधा सुनेला पहिल्यांदा लागते. भाड्याचा करार सहसा ११ महिन्यांचा असतो आणि तो रीतसर नोंदवून घ्यावा. महाराष्ट्रात ती नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे. घर पाहताना घरमालकाऐवजी सोसायटीच्या वॉचमनला विचारावे की उन्हाळ्यात रोज किती टँकर येतात. पेठांमध्ये आणि कोथरूडला कित्येक वर्षे राहिलेल्यांना गुरुवारी पाणी बंद असते हे अंगवळणी पडलेले असते, तर बाणेर किंवा वाकडच्या नव्या इमारतीत आठवड्याचे सातही वार सारखेच असू शकतात.

आता माणसांकडे येते, कारण परतणाऱ्यांचे सर्वाधिक नुकसान इथेच होते. तुम्ही तिकडे होता त्या काळात इथे आईवडिलांना दवाखान्यात कोणीतरी नेले, विजेचे बिल कोणीतरी भरले (ते अजून आजोबांच्या नावावर येत असण्याचा संभव आहे), गच्ची गळली तेव्हा गवंडी कोणीतरी शोधला. ते कोणीतरी म्हणजे धाकटा भाऊ आणि त्याची बायको असेल, लग्न होऊन त्याच गावात राहिलेली बहीण असेल, शेजारचे काका असतील किंवा पगारी मावशी असतील. त्यांनी एक व्यवस्था लावलेली असते. ती वेडीवाकडी दिसते, तिच्यात डायऱ्या नसतात आणि तक्तेही नसतात, पण ती चालत असते. परत आलेला मोठा मुलगा विमानाचा शीण उतरायच्या आतच ती सुधारायला घेतो.

आमच्या ओळखीतले एक कुटुंब कॅलिफोर्नियाहून आले. आजींच्या गोळ्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असत. सकाळच्या गोळ्यांच्या पट्टीला तांबडा दोरा आणि रात्रीच्या पट्टीला काळा दोरा बांधलेला, ही तिथे कामाला असलेल्या मावशींची युक्ती. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला फोन करून ‘आजींच्या नेहमीच्या’ एवढे म्हटले की पोरगा गोळ्या आणून देई, आणि कंपनी बदलून वेगळ्या रंगाची गोळी आली तर त्याचा तो आधी फोन करी, कारण आजी रंगावरून घाबरतात हे त्याला माहीत होते. मुलाने चौथ्या दिवशी वारांचे कप्पे असलेली इंग्रजी अक्षरांची डबी आणली, औषधे ऑनलाइन मागवायला सुरुवात केली आणि खोलीत कॅमेरा बसवला. त्यातली एकही गोष्ट चुकीची नव्हती. पण मावशींनी कॅमेऱ्याचा अर्थ त्यांना समजायचा तो समजला आणि महिना भरताच पगार घेऊन त्या गेल्या. आजींना डबीवरची अक्षरे वाचता येत नव्हती. मग नव्या बाई शोधण्यात, त्यांना घर समजावण्यात आणि आजींची समजूत काढण्यात त्या कुटुंबाचे ते सबंध वर्ष गेले.

म्हणून पहिले सहा महिने नुसते बरोबर जावे. डॉक्टरांकडे भाऊ नेत असेल तर मागच्या सीटवर बसावे आणि प्रश्न घरी आल्यावर विचारावेत. कोणाला किती पगार, कोणाला दिवाळीला काय, दूधवाल्याचा हिशेब कोण ठेवते, हे वहिनींकडून समजून घ्यावे आणि पगार स्वतःच्या मनाने वाढवू नये. तुम्ही एका घरात दुप्पट दिले की कामाच्या मावशींच्या उरलेल्या चार घरी तुमच्या वहिनींची पंचाईत होते. पैशांचा वाटा उचलायचा असेल तर सगळ्यांसमोर मोठेपणाने जाहीर करू नये. वैद्यकीय खर्चासाठी भावाबरोबर संयुक्त खाते काढून त्यात दरमहा रक्कम भरत जावी. वडिलोपार्जित घराचा विषय, म्हणजे वाटणी, पुनर्विकास, कोणाच्या नावावर काय, पहिल्या वर्षात तुम्ही होऊन काढूच नये. तुम्ही कितीही सरळ मनाने काढला तरी ‘एवढ्यासाठी आला का’ हा प्रश्न कोणाच्या तरी मनात उभा राहतो, आणि तो मनातच राहतो हे त्याहून वाईट.

सोसायटीच्या बाबतीतही हेच. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि नव्याने परतलेला सभासद तिथे उभा राहून कचऱ्याचे वर्गीकरण, पार्किंगच्या रेषा आणि गणपतीतला आवाज या तिन्ही विषयांवर एकाच सभेत बोलतो, असा माझा अनुभव आहे. मुद्दे बरोबर असतात. पण सचिवपद फुकटात सांभाळणाऱ्या निवृत्त गृहस्थांचे जिन्याच्या रंगकामाबद्दल आधी आभार मानले असते, तर त्यांतला निदान एक मंजूर झाला असता.

मुलांच्या बाबतीत मात्र सबुरीवर विसंबून चालत नाही. मूल पाचवी-सहावीच्या आत असेल तर ते वर्षभरात रुळते. नववीच्या पुढे असेल तर शक्य झाल्यास शाळा तिकडेच पूर्ण करून यावे, हे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने सर्व बोर्डांच्या शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. घरी मराठी बोलणाऱ्या पण देवनागरी न वाचणाऱ्या मुलाची पहिल्या चाचणीत त्रेधा उडते आणि ज्या भाषेत ते आजीशी बिनधास्त बोलत होते तिचीच त्याला धास्ती बसते. येण्याआधीचे सहा महिने रोज अर्धा तास बाराखडी आणि जोडाक्षरे गिरवून घ्यावीत. वर्गात उच्चारांवरून चिडवतील, ते काही महिन्यांत थांबते. घरी पाहुण्यांसमोर ‘अमेरिकन इंग्लिशमध्ये बोलून दाखव’ म्हणणाऱ्या आत्या-मावश्यांना मात्र तुम्हीच थांबवायला हवे.

ज्या मुलांचा जन्म तिकडचा आणि पासपोर्ट तिकडचा, त्यांच्या पालकांनी एक गोष्ट आजच पाहून ठेवावी. केंद्र सरकारच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार ओसीआय कार्डधारकांना नीट, जेईईसारख्या प्रवेशांत केवळ अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा (सुपरन्युमररी) जागांसाठी पात्र धरले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ही अट त्या तारखेनंतर कार्ड मिळालेल्यांनाच लागू राहील असे ठरवले. म्हणजे कार्डावरची तारीख निर्णायक आहे, आणि जी मुले इथेच पहिलीपासून शिकली त्यांच्या पालकांनाही हे बारावीच्या अर्जाच्या वेळी कळते, असे मी पाहिले आहे. डॉक्टर व्हायचे म्हणणारी मुलगी घरात असेल तर खर्चाचा अंदाज, किंवा नागरिकत्वाचा निर्णय, आठवी-नववीतच करावा.

राहता राहिला परतीच्या परतीचा प्रश्न. ग्रीन कार्डधारक एक वर्षाहून अधिक काळ अमेरिकेबाहेर राहिला तर त्याने निवास सोडला असे धरले जाऊ शकते. रीएन्ट्री परमिट घेतल्यास दोन वर्षांपर्यंत सवलत मिळते, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. निघण्यापूर्वी तो करून ठेवावा, मनात परत जायचे नसले तरीही. मुदतीची तारीख नवरा-बायको दोघांनाच माहीत असलेली बरी. ती आईवडिलांना सांगितली तर ते दिवस मोजत बसतात, आणि मुलांना सांगितली तर ती इथे मित्र करायचे टाळतात. तारखेच्या तीन महिने आधी, मुलांची परीक्षा आणि घरातली आजारपणे नसलेला एखादा रविवार पाहून, दोघांनी काय ते ठरवावे.