कमांड बरोबर, निदान चूक: नेटवर्क तपासताना या चुका टाळा

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या होलसेल दुकानात ऐन गर्दीत बिलिंग अडकलं की पहिला हात जातो राउटरच्या बटणाकडे. पाच मिनिटांत नेट येतं, पण दोष कुठे होता ते सांगणारा पुरावाही बटणाबरोबर पुसला जातो. उद्या त्याच वेळेला पुन्हा तेच. बटण दाबायच्या आधी दोन मिनिटं काढा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी लिहा, एंटर मारा; कमांड लिहायची काळी खिडकी उघडते. (खालच्या कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच.)

थेट गुगलला पिंग

पिंग म्हणजे समोरच्या मशीनला 'आहेस का?' असं विचारणारी कमांड. थेट गुगललाच विचारणं ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. गुगल लागलं नाही एवढ्यावरून दोष केबलचा, राउटरचा, कंपनीच्या लाइनचा की डीएनएसचा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा), काहीच कळत नाही. तपास जवळून लांब न्यायचा. आधी आयपीकॉन्फिग /ऑल. त्यात आयपी, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर पुढचं काही तपासू नका, कारण मशीनला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही आणि विंडोजने स्वतःच एक ठोकून दिलाय. लाइट जाऊन आल्यावर हे हमखास दिसतं. कॉम्प्युटर आणि स्विच आधी चालू होतात, राउटर मागून उठतो. आयपीकॉन्फिग /रिन्यू मारा. तरी १६९ च आला तर केबल, स्विचचं पोर्ट आणि राउटरमधलं डीएचसीपी (पत्ते वाटणारी सोय), या क्रमाने बघा.

पत्ता ठीक असेल तर त्याच यादीतला डिफॉल्ट गेटवे, म्हणजे तुमचा राउटर, पिंग करा. मग ८.८.८.८ (गुगलचा डीएनएस सर्व्हर) आणि शेवटी एखाद्या साइटचं नाव. गेटवेला वायरवर १ मिलिसेकंदाच्या आत उत्तर यायला हवं. वायफायवर ते थोडं वरखाली होतं, पण सतत शंभरच्या पुढे उड्या मारत असेल तर नेट कंपनीला फोन करून उपयोग नाही. दोष तुमच्या भिंतींच्या आतच आहे. उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये तर लॅनची (आतल्या नेटवर्कची) केबल थ्री-फेज वायरच्या गळ्यात गळा घालून मोटरपर्यंत गेलेली असते. तिथे पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, गळणारच. पॉवरशेलमध्ये (विंडोजचीच दुसरी कमांडची खिडकी) गेट-नेटअ‍ॅडॅप्टर मारून लिंकचा वेग बघा. गिगाबिटचं कार्ड आणि गिगाबिटचा स्विच असून १०० एमबीपीएस दिसला तर केबलमधली एखादी जोडी गेलीय असं धरा, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभराला दोन पुरतात.

चार पिंगवर निकाल

विंडोजचा पिंग फक्त चार वेळा विचारतो. मधूनच तुटणारी लाइन चारांत सापडत नाही. पिंग -टी लावून दहा मिनिटं चालू ठेवा. कंट्रोल आणि ब्रेक दाबलं की न थांबता आकडेवारी दिसते, कंट्रोल आणि सी दाबलं की थांबतो. दोन खिडक्या उघडून एकीत गेटवे, दुसरीत ८.८.८.८ लावलं तर आणखी बरं: दोन्ही एकदम तुटले तर दोष आत, दुसराच तुटला तर बाहेर.

इथे एक फसवी जागा आहे. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं येतं, खाली लॉस (हरवलेली पॅकेट) मात्र ० टक्के! नीट बघा, ते 'रिप्लाय' समोरच्या मशीनचं नसून तुमच्याच आयपीचं असतं. त्या पत्त्यावर कोणीच ओ दिली नाही, हे तुमचंच मशीन तुम्हाला सांगतंय आणि विंडोज त्यालाही उत्तर धरून मोजतंय. नुसता टक्का वाचणारे इथे हमखास गंडतात.

आणि पत्ता लिहिताना शून्य पुढे लावू नका. १९२.१६८.१.०१० लिहिलं तर विंडोज ०१० हा आकडा अष्टमानात (आठच्या पायावर) वाचतं आणि पिंग जातो १९२.१६८.१.८ ला. प्रिंटर चालू दिसतो, मग छापत का नाही म्हणून तासभर शोधाशोध, आणि उत्तर देत असतो भलताच कॅमेरा.

पिंग नाही म्हणजे मशीन बंद

तसं नाही. विंडोजची फायरवॉल बहुतेक वेळा बाहेरून आलेला पिंग गिळून टाकते. त्याच लॅनमधल्या मशीनला पिंग केल्यावर लगेच एआरपी -ए मारा. त्या आयपीसमोर नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस दिसला तर मशीन जिवंत आहे, फक्त पिंगला बोलत नाही. मग प्रश्न त्या मशीनवर चालणाऱ्या सेवेचा. प्रत्येक सेवेला क्रमांकाचं एक दार असतं, त्याला पोर्ट म्हणतात. पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, पुढे आयपी, पुढे -पोर्ट आणि क्रमांक: नेटवर्क प्रिंटरला बहुधा ९१००, रिमोट डेस्कटॉपला ३३८९. 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड' समोर ट्रू आलं की नेटवर्कचं काम संपलं, पुढचा दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधा.

एकाच आयपीसमोर थोड्या थोड्या वेळाने वेगळा मॅक दिसू लागला तर दोन यंत्रांना एकच पत्ता दिलाय. कॅमेऱ्याचा डीव्हीआर (रेकॉर्डिंगचा डबा) बसवणाऱ्याने मनाने स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी टाकला की हे होतं.

ट्रेसर्टमधल्या चांदण्या

ट्रेसर्ट ही कमांड वाटेतला एकेक राउटर टप्प्याटप्प्याने दाखवते. मधल्या एखाद्या टप्प्यावर तीन चांदण्या आल्या म्हणून 'लाइन तिथेच तुटली' असं सांगू नका. बरेच राउटर ट्रेसर्टला मुद्दामच उत्तर देत नाहीत, किंवा सवडीने देतात. शेवटचा टप्पा उत्तर देतोय ना, मग मधलं सोडा. विलंब एखाद्या टप्प्यावर वाढून पुढे सगळीकडे तसाच राहिला, तरच तिथे संशय घ्या.

दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावर १००.६४ ते १००.१२७ यांमधला पत्ता दिसला तर राउटरचं वॅन (बाहेरच्या लाइनचं) पान उघडा. तिथेही तसाच पत्ता असेल तर नेट कंपनीने तुम्हाला सामायिक पत्त्यामागे ठेवलंय. मग शिरोलीच्या युनिटमधले कॅमेरे घरून बघण्यासाठी राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरची जोडणी आतल्या यंत्राकडे वळवणं) करा, लागणार नाही. पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येणारा) मागा, नाहीतर कॅमेरा कंपनीच्या क्लाउड अ‍ॅपवर भागवा.

काही साइट उघडतात, काही लटकतात

इथे सगळे डीएनएस बदलत बसतात. एनएसलुकअप (डीएनएसला नाव विचारणारी कमांड) बरोबर उत्तर देत असेल तर आधी एक लक्षात घ्या: तो होस्ट्स फाइल (मशीनमधलीच नाव-पत्त्यांची यादी) बघत नाही, थेट सर्व्हरला विचारतो. ब्राउझर मात्र ती फाइल बघतो. म्हणून पिंगमध्ये एक आयपी आणि एनएसलुकअपमध्ये दुसराच आला तर होस्ट्स फाइल उघडा आणि साठवलेली जुनी उत्तरं पुसायला आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस मारा. (मोठ्या साइटना अनेक आयपी असतात, तिथे फरक दिसला तरी घाबरायचं कारण नाही.)

नाव बरोबर सापडतंय, तरी पान अर्धंच येतं? मग पॅकेटचा आकार तपासा: पिंग -एफ -एल १४७२ १.१.१.१ (-एफ म्हणजे तुकडे करू नको, -एल म्हणजे आकार). हे गेलं तर २८ बाइट हेडर धरून पूर्ण १५०० जातात. युजरनेम-पासवर्डवाल्या पीपीपीओई लाइनवर ८ बाइट त्यातच खर्च होतात, म्हणून तिथे १४६४ पर्यंतच जाणं नॉर्मल आहे. त्याहून कमीला अडकत असेल तर आकडा उतरवत न्या. जो सगळ्यांत मोठा आकडा जातो, त्यात २८ मिळवून तेवढा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) राउटरमध्ये भरा.

रीसेटची घाई

नेटएसएच इंट आयपी रीसेट ही कमांड हाताने भरलेला स्टॅटिक आयपीही उडवते. बिलिंगच्या सर्व्हरवर ती मारली तर बाकीच्या काउंटरना सर्व्हर सापडेनासा होतो. आधी आयपीकॉन्फिग /ऑल चा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसऱ्याच्या मशीनवर लांबून काम करताना नुसतं आयपीकॉन्फिग /रिलीज तर कधीच नको. आयपी गेला की तुमचा स्क्रीनही गेला, आणि रिन्यू मारायला गाडी काढून गोकुळ शिरगावला जावं लागतं. मारायचंच असेल तर रिलीज आणि रिन्यू एकाच ओळीत, मध्ये & घालून.