स्ट्रॉबेरीवर नक्की कुठली बुरशी आलीये ते कसं ओळखायचं

महाबळेश्वर, पाचगणी, भिलार, खाली वाईपर्यंत, सप्टेंबर-ऑक्टोबरला स्ट्रॉबेरीची रोपं लावून झाली की थोड्याच दिवसात कुठेतरी पानावर ठिपका दिसतो आणि लगेच करपा आला करपा आला म्हणत दुकानात जे मिळेल ते आणून मारलं जातं. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी दहा मिनिटं वाफ्याशेजारी बसा आणि झाड नीट बघा, कारण एका बुरशीचं औषध दुसरीवर चालेलच असं नाही, आणि हे फळ लोक साल न काढता तसंच खातात, लहान पोरं तर वाफ्यावरूनच तोडून तोंडात टाकतात, त्यामुळे एकेक फवारणी जपूनच करायला हवी.

बघायला सकाळी जा, दव असताना. सोबत दहा पट मोठं दाखवणारं भिंग आणि एक धारदार चाकू घ्या, बास.

आधी पानं. गोल जांभळा ठिपका, तीन ते सहा मिलिमीटरचा, आणि मध्ये पांढरट किंवा राखाडी पडलेलं असेल तर तो साधा पानावरचा ठिपका, रामुलारिया नावाची बुरशी. ठिपके जांभळेच पण वेडेवाकडे, मध्ये पांढरं काहीच नाही, एकमेकांत मिसळून पान कडेने भाजल्यासारखं दिसतंय, तर तो स्कॉर्च. आणि पानाच्या कडेला रुंद सुरू होऊन मधल्या शिरेकडे निमुळता होत जाणारा इंग्रजी व्ही अक्षरासारखा तपकिरी डाग असेल, भिंगातून त्यात बारीक काळे कण दिसत असतील तर ती फोमोप्सिस, ही बहुतेक जुन्या पानांवर असते. हे तिन्ही लवकर दिसले तर रोगट पानं काढून शेताबाहेर नेली तरी बराच फरक पडतो.

भुरी मात्र वेगळी वागते. तिला पानावर पाणी साचलेलं लागतच नाही, उलट सारखं पाणी असलं तर ती दबते, कोरडी हवा, रात्री दमटपणा असं असलं की वाढते. पानं कडेने वर वळून द्रोणासारखी व्हायला लागली की पान उलटं करा, पांढरी पावडर खालच्या बाजूलाच आधी असते, वरून बघणाऱ्याला बरेच दिवस कळत नाही. नंतर खालून लालसर जांभळे डाग पडतात. यावर गंधक चांगलं चालतं पण कडक उन्हात मारलं तर पानं भाजतात, तेवढं सांभाळा.

आता फळं. करडी बुरशी म्हणजे बोट्रायटिस ही फुलातच शिरून बसते आणि फळ पिकेपर्यंत गप्प राहते, म्हणून फळावर दिसल्यावर धावपळ करून फार उपयोग नसतो, फुलोऱ्यात धुकं आणि ढगाळ हवा असेल तेव्हाच वाळक्या पाकळ्या, देठाजवळचा तपकिरी डाग बघत राहायचं. फळ मऊ तपकिरी होतं आणि त्यावर करडी लव येते, झटकली की धूर उडाल्यासारखी पावडर उडते. पेटीतल्या फळातून रस गळतोय आणि कापसासारख्या पांढऱ्या बुरशीवर काळी टोकं दिसतायत तर ती रायझोपस, वेगळीच. ती थंडीत थांबते, बोट्रायटिस शून्य अंशाच्या आसपासही हळूहळू वाढत राहते. गोल, आत दबलेला, कोरडा काळपट खड्डा आणि दमट हवेत त्यावर नारिंगी चिकट थर म्हणजे अँथ्रॅक्नोज, हा अवकाळी पावसाच्या थेंबांबरोबर उडत पसरतो. आणि मातीला टेकलेलं फळ चामड्यासारखं चिवट होऊन कडू लागत असेल तर फायटोप्थोरा, मल्चिंग, म्हणजे वाफ्यावर अंथरलेला कागद, जिथे फाटलंय तिथे जास्त बघा.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो झाड मरगळल्यावर, आणि नुकसानही इथेच जास्त. आधी ठिबकचा ड्रीपर चोंदलाय का बघा, मग माती उकरून हुमणी अळीने मुळं खाल्लीयेत का बघा. दोन्ही नसेल तर झाड उपटा आणि क्राउन, म्हणजे जिथून पानं फुटतात तो गड्डा, उभा चिरा. निरोगी झाडाचा आतून पांढरट असतो. आत लालसर तपकिरी, पांढऱ्यात मिसळलेलं, टणक असेल तर अँथ्रॅक्नोजची क्राउन कूज, रनरवर, म्हणजे झाडापासून जमिनीवर पसरणाऱ्या फुटव्यावर, पण काळे दबलेले चट्टे सापडतील, आणि ही बऱ्याचदा नर्सरीतल्या रोपांबरोबरच येते, म्हणून एकाच लॉटची रोपं सगळीकडे विखरून मरतायत का ते आठवून बघा. ओढल्यावर झाड वरच्या वर तुटून हातात आलं, आत तपकिरी कुजलंय आणि मरणारी झाडं पाणी साचणाऱ्या सखल भागातच आहेत, तर फायटोप्थोरावर संशय घ्या. मुळाची साल नखाने सोलून आत लाल गाभा दिसला तरी फायटोप्थोराच, तिची दुसरी जात, गार ओल्या जमिनीतली. हे सगळे फायटोप्थोरा खरं तर बुरशी नाहीतच, बुरशीसारखे दिसणारे वेगळे जीव आहेत, त्यांच्यावर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक काही करत नाही, आणि मेटॅलॅक्झिल हे औषध त्यांच्यावर चालतं पण अँथ्रॅक्नोजवर नाही. चाकूने एकदा चिरलं की पैसे वाचतात ते असे.

बाहेरची जुनी पानं कडेने वाळतायत पण मधली कोवळी हिरवी आणि खुजी, गड्डाही फारसा कुजलेला नाही, तर व्हर्टिसिलियम मर असू शकते. पण फ्युजेरियमही साधारण तसंच दिसतं, हे डोळ्याने ठरवू नका, प्रयोगशाळेतच कळतं.

बुरशी नसलेल्या गोष्टी पण बघून घ्या. पान उजेडासमोर धरल्यावर शिरांमधले कोनाकोनाचे ठिपके आरपार चमकत असतील तर तो जिवाणू आहे, बुरशीनाशक वाया जाईल. पान तांबूस आणि खाली बारीक जाळी असेल तर लाल कोळी. फक्त नवीन पानांची टोकं जळालेली असतील तर बहुतेक कॅल्शियम कमी पडतंय.

तरी शंका राहिली तर ते पान किंवा फळ ओल्या टिश्यूबरोबर पिशवीत बंद करून घरात सावलीला एक-दोन दिवस ठेवा, बुरशी असेल तर बऱ्याचदा लव किंवा नारिंगी थर वर येतो. तपासायला द्यायचं असेल तर पूर्ण मेलेलं झाड नेऊ नका, त्यात नंतर शिरलेल्या दुसऱ्याच बुरश्या सापडतात, अर्धवट आजारी झाड मुळं आणि मातीसकट उचला, गाडीत उन्हात ठेवू नका, आणि जात कुठली, रोपं कुठून आणली, शेवटची फवारणी कशाची केली ते चिठ्ठीवर लिहून कृषी विज्ञान केंद्रात द्या, साताऱ्याजवळ बोरगावला एक आहे. रिपोर्ट येईपर्यंत मेलेली झाडं सरीत टाकून ठेवू नका, मातीसकट काढून बाहेर न्या आणि त्या भोकात लगेच नवीन रोप लावू नका.