प्लॅटिनमच्या साठ्याची किंमत काढताय? या चुका टाळा

प्लॅटिनम गटाच्या सहा धातूंचा (प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम आणि त्यांचे तीन भाऊबंद) साठा हाती लागला की कुणीतरी लगेच एक्सेल उघडतं, टन गुणिले ग्रॅम गुणिले आजचा भाव असा गुणाकार मारतं आणि हजारो कोटींचा आकडा घेऊन येतं. तो आकडा फेकून द्या. कोअरमध्ये, म्हणजे ड्रिलने काढलेल्या दगडाच्या कांडीत, टनाला दिसलेल्या ६ ग्रॅमपैकी जेमतेम ३ ग्रॅमचे पैसे पदरात पडतात. बाकीचे कुठे गळाले हे सांगता येत नसेल, तर किंमत सांगायची घाई करू नये.

थराची जाडी धरली, स्टोपची उंची विसरली

दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्डमधला यूजी-टू हा क्रोमाइटचा (क्रोमियमच्या खनिजाचा) प्लॅटिनम धरून असलेला थर घ्या. समजा थर ७० सेंटीमीटरचा आहे आणि ग्रेड, म्हणजे धातूचं प्रमाण, टनाला ६ ग्रॅम. ७० सेंटीमीटरच्या फटीत माणसं आणि ड्रिल चालत नाहीत. स्टोप, म्हणजे माल फोडून काढायची पोकळी, १०५ सेंटीमीटरचा धरला, तर थराला लागूनचा ३५ सेंटीमीटर दगड, पायरॉक्सिनाइट, उगाच फोडावा, वर आणावा आणि दळावा लागतो. इतकं बहुतेकांना कळतं. म्हणून ते ७० गुणिले ६ भागिले १०५ करतात आणि ४ ग्रॅम लिहून मोकळे होतात.

इथेच घनता नडते. क्रोमाइटचा थर घनमीटरला साधारण ४ टन भरतो, पायरॉक्सिनाइट ३.२. म्हणजे दर चौरस मीटरला थराचे २.८ टन, दगडाचे १.१२ टन, एकूण ३.९२ टन, आणि त्यात धातू १६.८ ग्रॅम. ग्रेड येते ४.२९. सगळ्याला ३.२ लावणाऱ्याच्या कागदावर मात्र ३.३६ टन आणि १३.४ ग्रॅमच उरतात. पाचवा हिस्सा धातू निव्वळ आळसापायी गायब. सगळ्याला ४ लावलं तर धातू जुळतो, पण टन फुगतात आणि त्याबरोबर दळणाचा खर्चही. पुस्तकातली घनता उचलू नका. कोअरचा प्रत्येक नमुना आधी हवेत, मग पाण्यात तोला. काम कंटाळवाणं आहे, पण लॅबच्या बिलापुढे फुकटच.

नमुने कापताना थराच्या सीमेवरच तोडा. अर्धा क्रोमाइट, अर्धा पायरॉक्सिनाइट असा एक मीटरचा तुकडा पाठवला, तर वरचा कुठलाच हिशेब करता येत नाही. थरात १५ ते २५ सेंटीमीटरचे नमुने घ्या. वरचा आणि खालचा दगडही निदान स्टोपच्या उंचीइतका पाठवा. ‘त्यात काही नसतंच’ म्हणून तो सोडणारे पुढे डायल्यूशनची, म्हणजे मालात मिसळणाऱ्या त्या दगडाची, ग्रेड अंदाजाने भरतात.

सोन्याच्या लॅबला क्रोमाइट धाडणं

ही चूक सगळ्यात महाग, कारण ती रिपोर्टमध्ये दिसत नाही. नमुना वितळवून त्यातला धातू शिशावर गोळा करायच्या चाचणीत, म्हणजे फायर असेमध्ये, सोन्याच्या सवयीने ३० किंवा ५० ग्रॅम नमुना नेहमीच्या फ्लक्समध्ये (वितळायला मदत करणाऱ्या मिश्रणात) टाकतात. क्रोमाइट त्या वितळीत पुरता विरघळत नाही. न वितळलेले कण स्लॅगमध्ये, म्हणजे वितळीच्या मळीत, बसून राहतात आणि त्यांच्या पोटातला धातू शिशापर्यंत पोचतच नाही. आकडा कमी येतो, पण दरवेळी तितकाच कमी. त्यामुळे डुप्लिकेट छान जुळतात आणि सगळे खूश होतात.

उपाय असा: क्रोमाइट जास्त असेल तर नमुना १० ग्रॅमच्या आसपास आणा, फ्लक्स आणि बोरॅक्स वाढवून घ्या, आणि लॅबला स्लॅग दाखवायला सांगा. तो काचेसारखा असावा, शिशाच्या बटणापासून स्वच्छ सुटावा. खरखरीत काळे कण दिसले तर ती बॅच परत. काही नमुन्यांचा स्लॅग पुन्हा वितळवून त्यात काय राहिलं तेही पाहा. दर वीस नमुन्यांमागे एक प्रमाणित नमुना घालतातच, पण तो सोन्याच्या क्वार्ट्झचा असेल तर उपयोग शून्य. तो क्रोमाइटचाच हवा.

ऱ्होडियमचं दुखणं वेगळं. शिसं काढल्यावर उरलेला चांदीचा मणी आम्लात विरघळवला तरी ऱ्होडियम पुरता उतरत नाही. सहाही धातू हवे असतील तर शिशाऐवजी निकेल सल्फाइडवर गोळा करून आयसीपी-एमएस या यंत्रावर वाचून घ्या. निदान निवडक नमुने तरी.

डोळ्याला दिसणाऱ्या सल्फाइडमागे धावणं

झिम्बाब्वेच्या ग्रेट डाइकमध्ये मुख्य सल्फाइड पट्ट्यात आधी पॅलेडियमचा कळस येतो, त्याच्या वर प्लॅटिनमचा, आणि तांबं-निकेलची चकाकी त्याहून वर. चकाकी पाहून काप, म्हणजे खोदायचा पट्टा, लावला तर चांगला माल पायाखाली राहतो. तिथे काप फायर असेच्या आकड्यांवरच ठरतो, डोळ्यांवर नाही.

त्याच डाइकवरची हार्टली खाण आठवा. बीएचपीसारखी बडी कंपनी, नवी खाण, आणि १९९९ मध्ये टाळं. जमीन वाईट निघाली, उत्पादन ठरल्या आकड्याला पोचलं नाही. पुढे झिमप्लॅट्सने तोच प्रक्रिया कारखाना चालवला, पण माल आणला सुमारे ७७ किलोमीटरवरच्या एन्गेझीहून: उथळ, यंत्रं आत घुसतील असा रुंद काप. अरुंद कापाची ग्रेड कागदावर नेहमीच देखणी दिसते. छत टिकतं का आणि महिन्याला किती टन निघतात हे त्या कागदावर नसतं.

भाव एकच धरणं

‘फोर-ई ४ ग्रॅम’ हा चार धातूंचा गोळाबेरीज आकडा: प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, सोनं. वाटा माहीत नसेल तर किंमत निघत नाही. अमेरिकेतल्या स्टिलवॉटरमध्ये पॅलेडियम प्लॅटिनमच्या तिपटीहून जास्त, यूजी-टूमध्ये मात्र प्लॅटिनम जास्त. ऱ्होडियम मार्च २०२१ मध्ये औंसाला २९,००० डॉलरच्या आसपास होतं, २०२३ सरता सरता ५,००० च्या खाली. मिश्रणात ते १० टक्के धरा: दर औंसात २,९०० डॉलर देणारा धातू ५०० सुद्धा देईना. शिखरावरच्या भावाने केलेल्या फायद्याच्या गणितांचं पुढे काय झालं ते वेगळं सांगायला नको. भावाचे तीन संच ठेवा, आणि गेल्या दहा वर्षांतल्या तळाच्या भावाला खाण तगते का ते आधी बघा. औंस म्हणजे ट्रॉय औंस, ३१.१ ग्रॅम, २८.३५ लावणारे अजूनही भेटतात.

बाकीच्या, थोडक्यात

पृष्ठभागाजवळचा कुजलेला दगड स्वस्तात निघतो, पण सल्फाइड ऑक्सिडाइज झालेला असल्याने फ्लोटेशनमध्ये (दळलेल्या दगडातून फेसावर धातू वेगळा करताना) निम्म्याहूनही कमी धातू हाती येऊ शकतो. त्याची चाचणी स्वतंत्र करा.

पॉटहोल, डाइक, फॉल्ट (थर खचलेल्या, छेदलेल्या किंवा तुटलेल्या जागा) यांच्यापोटी क्षेत्रफळातूनच कपात करा. ती ग्रेडमधून करत नाहीत.

वरच्या ४.२९ ला फ्लोटेशनमध्ये ८३ टक्के आणि स्मेल्टरच्या (माल वितळवणाऱ्या कारखान्याच्या) करारात ८३ टक्के धरले की २.९५ ग्रॅम उरतात. शिवाय फ्लोटेशनमधून निघालेल्या मालात, म्हणजे कॉन्सन्ट्रेटमध्ये, क्रोमियम ऑक्साइड ३ टक्क्यांवर गेलं की स्मेल्टर कटकट करतो, कारण क्रोमाइट भट्टीच्या तळाशी साचतं. माझं गणित म्हणूनच स्मेल्टरच्या बिलापासून उलटं, कोअरकडे चालतं.

क्रोमाइट दिसलं म्हणजे प्लॅटिनम, असंही नाही. ओडिशातल्या बौला-नुआसाहीमध्ये प्लॅटिनम मिळालं ते ब्रेशियाच्या (फुटून पुन्हा सांधलेल्या दगडाच्या) पट्ट्याशी जोडलेलं. सिंधुदुर्गातलं क्रोमाइट पाहून लगेच शेअर शोधायला जाऊ नका.

आणि खनिज कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर प्लॅटिनम गट महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत आला म्हणून खाणीसाठी आखलेल्या ब्लॉकच्या अहवालातला साठ्याच्या खात्रीचा ३३४ हा कोड बदलत नाही. तो जी-४ पातळीचा, म्हणजे प्राथमिक पाहणीचा आकडा. तो १११, म्हणजे सिद्ध साठा, समजून त्यावर कर्ज मागायला गेलात तर बँकेच्या आधी नागपूरच्या खाण ब्यूरोतलाच एखादा हसेल.