मुंबईच्या लोकलमधून हव्या त्या स्टेशनवर उतरायचं कसं

मुंबईत नव्याने नोकरीला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगतं, "दरवाजाजवळ नुसता उभा राहा, गर्दीच तुला उतरवेल." दादर, अंधेरी, घाटकोपर, ठाणे अशा स्टेशनांवर गर्दी खरंच उतरवते, पण ती तुम्हाला विचारून उतरवत नाही. चर्चगेटला निघालेला माणूस दादरच्या फलाटावर येऊन पडतो. आणि माटुंगा रोडला उतरायचं असेल, तर तीच गर्दी भिंतीसारखी आडवी येते. म्हणून कुठे उतरायचं ते आधी धरा आणि तिथून मागे येत गाडी, डबा, डब्यातली जागा ठरवा.

तिकीट

सेकंड क्लासचं किमान भाडं ५ रुपये. पहिले काही दिवस आपल्या स्टेशनऐवजी त्यापुढच्या, फास्ट गाडी थांबते अशा स्टेशनपर्यंतचं तिकीट काढा. पाच-दहा रुपये जास्त जातील, पण उतरता आलं नाही तरी तुम्ही विनातिकीट ठरणार नाही. विनातिकीट सापडलात तर भाडं आणि वर किमान २५० रुपये दंड. सेकंडच्या तिकिटावर फर्स्टमध्ये चढलात तरी दंड आहेच. मोबाइलवर तिकीट काढणार असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा.

गाडी

फलाटावरच्या इंडिकेटरवर चार गोष्टी वाचायच्या: गाडी कुठली, किती वाजताची, फास्ट (मोजक्याच स्टेशनांवर थांबणारी) की स्लो (प्रत्येक स्टेशनवर थांबणारी), बारा डबा की पंधरा डबा. मध्य रेल्वेवर गाडीच्या कपाळावर 'एस' दिसला तर तो कर्जतचा असू शकतो, 'एन' म्हणजे कसारा. तो 'एस' स्लोचा समजून बरेच जण फसतात. शंका आली की उद्घोषणा ऐका, ती मराठीतही होते.

फास्ट गाडी पश्चिम रेल्वेवर साधारणपणे दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवलीला थांबते. मध्य रेल्वेवर भायखळा, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे, डोंबिवली, कल्याण. खार, विलेपार्ले, जोगेश्वरी, माटुंगा अशा ठिकाणी जायचं असेल तर फास्टच्या नादी लागू नका. वाचणारी दहा मिनिटं गाडी बदलण्यात जातात आणि एकाच प्रवासात दोनदा उतरण्याची कसरत होते. सहा-सात स्टेशनांपर्यंत सरळ स्लो पकडा.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. संध्याकाळी अंधेरी-बोरिवलीला जायचं असेल तर विरार फास्टमध्ये चढू नका. घाटकोपर-ठाण्यासाठी कर्जत, कसारा, बदलापूर फास्ट नको. या गाड्या दूरच्या माणसांनी सुरुवातीलाच भरतात आणि दरवाजाजवळची जागाही त्यांच्याकडेच असते. मधल्या स्टेशनला उतरणाऱ्यासाठी त्यांना अक्षरशः सरकायला जागा नसते. वर बोलणी खावी लागतात, आणि ती वावगीही नाहीत: त्यांना तासभर तसंच उभं राहायचं असतं. बोरिवली, अंधेरी, ठाणे, कल्याण अशी पाटी असलेली गाडी पाच-दहा मिनिटांनी येतेच. थांबा.

डबा

उतरायच्या स्टेशनचा पूल जिथे येतो तो डबा पकडा. फलाटाच्या खांबांवर-भिंतींवर लाल-पिवळे तिरके पट्टे म्हणजे फर्स्ट क्लास, हिरवे पट्टे म्हणजे लेडीज. मोठं सामान असेल तर लगेजचा डबा.

उतरणं

गाडी मधल्या स्टेशनवर जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात उतरणारे उतरतात आणि चढणारे घुसतात. उतरण्याची सगळी तयारी त्यामुळे गाडी चालू असतानाच व्हायला हवी. स्टेशन आल्यावर उठलात तर उशीर झालेला असतो.

पहिली गोष्ट, फलाट कोणत्या बाजूला येणार ते चढल्याबरोबर विचारून घ्या: "दादर कुठल्या साइडला येईल?" एकाच गाडीत एक स्टेशन डावीकडे आणि पुढचं उजवीकडे येतं. स्लो आणि फास्टचे फलाटही वेगळे. काल डावीकडे उतरलात म्हणून आज डावीकडे उभे राहाल तर गाडी थांबल्यावर कळेल की सगळा डबा तुमच्याकडे पाठ करून उभा आहे. ही चूक नवखे लोक सगळ्यात जास्त करतात आणि ती ऐनवेळी सुधारता येत नाही.

दुसरी गोष्ट, डब्यात कुठे उभं राहायचं ते अंतरावर ठरतं. दोन-तीन स्टेशनांत उतरायचं असेल तर दोन दरवाजांमधल्या मोकळ्या जागेतच थांबा, पण फलाट येणार नाही त्या बाजूला सरकून. लांब जायचं असेल तर बाकांच्या मधल्या वाटेत आत शिरा आणि वरची कडी धरा. दरवाजाच्या मधोमध जो दांडा असतो, त्याला धरून कधीही उभे राहू नका. तिथे आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही लोंढे तुमच्या अंगावर येतात. दादरला नको असताना बाहेर फेकली जाणारी माणसं बहुतेक तिथलीच असतात. दरवाजात लटकण्याबद्दल तर बोलायलाच नको. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांमधून माणसं खाली पडली आणि जीव गेले. गाडीत आत जागा नसेल तर ती गाडी आपली नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे रांग. बाहेरून सगळं कोंबलेलं दिसतं, पण आत उतरणाऱ्यांची एक रांग असते. गर्दीच्या वेळी आपल्या आधीचा थांबा येण्यापूर्वीच तिच्यात शिरायचं. चर्चगेटकडे जाणाऱ्या फास्टमधून दादरला उतरायचं असेल, तर अंधेरी सुटली की हलायला लागा, वांद्र्यानंतर नाही. समोरच्याच्या खांद्याला हलकेच बोट लावून एकच शब्द विचारायचा: "दादर?" त्याने मान डोलावली तर गप्प त्याच्या मागे उभं राहायचं, तो उतरेल तसे तुम्ही उतराल. "नाही, पुढे" म्हणाला तर तो स्वतःच अंग चोरून तिरका होतो आणि तुम्ही त्याच्या जागी जाता. मग त्याच्या पुढच्याला तोच प्रश्न. अशा तीन-चार प्रश्नांत माणूस बाकांपासून दरवाजापर्यंत पोहोचतो, कुणालाही ढकलावं लागत नाही. न विचारता मुसंडी मारलीत तर मात्र भांडण होतं आणि वाटही मिळत नाही. लेडीज डब्यात हे आणखी पद्धतशीर चालतं: तिथे "तुम्ही कुठे?" विचारून उतरणारीची सीटही आधीच ठरलेली असते.

बॅग पाठीवरून काढून छातीवर घ्या. पाठीवरची बॅग दोन माणसांमध्ये अडकते आणि तुम्ही बाहेर, पट्टा आत अशी अवस्था होते. ओढणी, इअरफोनची वायर, लोंबणारं ओळखपत्र आधीच आत खोचा. मोबाइल हातात नको.

गाडी पूर्ण थांबल्यावरच पाय टाका आणि उतरल्यावर दोन पावलं पुढे जा. दरवाजासमोर थांबून पाट्या वाचू नका, मागचे अंगावर येतात.

शेवटच्या स्टेशनचं गणित उलटं आहे. संध्याकाळी चर्चगेट किंवा सीएसएमटीला गाडी शिरते तेव्हा ती थांबण्याआधीच सीटसाठी लोक आत उड्या मारतात. त्या वेळी दरवाजात उभा असलेला माणूस आडवा होतो. तिथे उतरायचं असेल तर बसून राहा, लोंढा आत येऊन बसला की निवांत उतरा. गाडी कुठेही पळत नाही.

आणि स्टेशन चुकलंच तर? सुटलेल्या गाडीतून उडी मारायची नाही. पुढच्या थांब्याला उतरा, पूल ओलांडा, परत या. आपला फलाट समोर दिसला तरी रूळ ओलांडू नका.

उतरल्यावर

दादरला पश्चिम-मध्य गाडी बदलताना जुने सल्ले विसरा. ९ डिसेंबर २०२३ पासून तिथले फलाट सलग क्रमांकाने आहेत: १ ते ७ पश्चिम, ८ ते १४ मध्य रेल्वे. हार्बर मार्गावर वडाळा रोडला फाटा फुटतो, एक गाडी पनवेलकडे, दुसरी गोरेगावकडे. चढण्याआधी पाटी वाचा. रविवारी दुरुस्तीसाठी काही तास रूळ बंद ठेवतात: मध्य आणि हार्बरवर त्याला मेगाब्लॉक म्हणतात, पश्चिमेवर जम्बोब्लॉक. आदल्या दिवशीच वेळा बघून ठेवा, कारण ब्लॉकमध्ये फास्ट गाड्या स्लोच्या रुळांवर आल्या की फलाटाची बाजूही बदलते.

स्टेशनबाहेर रिक्षा मिळते ती वांद्रे आणि सायनपर्यंतच. त्याच्या दक्षिणेला टॅक्सी किंवा बेस्टची बस. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि एसीला १२ रुपये आहे. सुटे पैसे वरच्या खिशात ठेवा.